बेळगाव भागातल्या कॅथलिक शाळांत पूर्वी मराठी मुलांवर धर्म लादायचे का? माझ्या मुलीला अशा शाळेत घालू का?

धर्माचा प्रश्न मला गेली चाळीस वर्षं लोक विचारतात. आणि ज्यांनी त्या शाळेचं फाटकसुद्धा पाहिलेलं नाही, तेच त्याचं उत्तरही देतात. म्हणून लिहितोय.

बेळगावातलं सेंट पॉल्स १८५६ चं, त्याच्या आठवणी सांगणारे पुष्कळ भेटतील. माझी शाळा तसली नव्हती. मी खानापूर तालुक्यातला, लोंढ्याच्या बाजूचा. वडील रेल्वेत गँगमन. १९८३ च्या जूनमध्ये आमच्याकडे सिस्टरांनी शाळा काढली आणि वडिलांनी मला मराठी शाळेतून उचलून तिथे तिसरीत बसवलं. शाळा म्हणजे काय, तर एक छोटं चॅपेल, त्याला लागून कौलारू हॉल आणि हॉलमध्ये दोन पडदे लावून केलेले तीन वर्ग. पोरं ३४. निम्मी गोव्याकडच्या रेल्वेवाल्या ख्रिस्ती घरांतली, कोंकणी बोलणारी. बेळगावचा वेगळा धर्मप्रांत १९५३ ला झाला, पण गोव्याशी नातं त्याच्या कितीतरी आधीचं. बाकी आम्ही मराठी, आणि चार-पाच कन्नड. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच असेल. तो कौलांवर कोसळायला लागला की तिन्ही वर्गांचं शिकवणं बंद आणि पाढे सुरू, कारण तेवढेच ओरडून म्हणता येतात.

बाकं चॅपेलची होती. शाळेला वेगळी बाकं घ्यायला पैसे नव्हते. दर शनिवारी शाळा सुटताना ती उचलून चॅपेलमध्ये लावायची, रविवारी त्यांवर बसून लोक मिस्सा ऐकायचे आणि सोमवारी सकाळी आम्ही ती परत हॉलमध्ये आणायचो. प्रत्येक बाकाला मागच्या बाजूने गुडघे टेकायची फळी. तिच्यावर चिखलाचे पाय ठेवले की सिस्टर पट्टीने घोट्यावर मारायच्या. धर्माचा म्हणून मला झालेला त्रास विचाराल तर हाच.

सकाळी इंग्रजीतली प्रार्थना असायची. ती मला भीमरूपीइतकीच पाठ आहे. ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्माच्या तासाला, गेली की आम्ही मॉरल सायन्सला बसायचो, म्हणजे खरं बोला आणि नखं कापा. एकदा उपवासाच्या पहिल्या बुधवारी फादर सगळ्यांच्या कपाळाला राख लावत होते. मीही रांगेत घुसलो. घरी गेलो तर आईने विचारलं, अंगारा कुठला? मी म्हटलं, शाळेतला. ‘बरं झालं, परीक्षा जवळ आलीय,’ म्हणाली आणि भाकऱ्या थापायला लागली. नाताळात कोंकणी पोरं नेवऱ्या आणि दोदोल आणायची. आजी खायची नाही, आम्हाला मात्र खाऊ द्यायची.

आता दादाचं. तो माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, शेवटपर्यंत मराठी शाळेत शिकला. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं. गोळीबारात ९ जण गेले. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे, दर १ जूनला लोक जातात, दादा अजून जातो. तेव्हा तो दहावीत. त्याच्या शाळेतली पोरं बाहेर पडलेली. आमची मात्र चालू. मराठी शाळा बंद आणि इंग्रजी चालू, हे कसं, असा त्यांचा सवाल होता आणि तो चुकीचा नव्हता हे मला आज कळतं. तर एका शनिवारी वीसेक पोरं घोषणा देत आमच्या फाटकावर आली. पुढून दुसरा आमचा दादा, आईने धुऊन दिलेल्या शर्टात. हेडमिस्ट्रेस सिस्टर गोव्याच्या, उंचीने माझ्या आईच्या खांद्याला लागतील एवढ्या. भर पावसात छत्री घेऊन फाटकाशी गेल्या आणि कोंकणीत विचारलं, ‘कितें जाय?’ म्हणजे काय पाहिजे?

‘शाळा बंद करा!’

‘शनिवारी साडेअकराला बंदच होते. दहा मिनिटं राहिलीत. बाकं न्यायची आहेत, आलाच आहात तर हात लावा.’

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकाने हात लावला, मग सगळ्यांनीच. दादाने जे बाक धरलं त्याच्या दुसऱ्या टोकाला मी होतो. हे मी शपथेवर सांगतो. जाताना सिस्टरांनी त्यालाच घंटा द्यायला सांगितली.

दादाचं म्हणणं आजही असं: ‘आम्ही आलो म्हणून सोडली की तुमची शाळा. घोषणा दिल्या होत्या, खरं बाकं-बिकं कुणी उचलली नाहीत.’ (आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात, पुणेकरांनी गोंधळू नये.) प्रत्येक गणपतीत हे भांडण होतं. वहिनी आता या विषयावर चहासुद्धा करत नाही.

आता तुमच्या मुलीचं. धर्माला घाबरू नका. सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला धर्माच्या तासाला बसवता येत नाही, घटनेच्या २८ व्या कलमातच आहे. भीती बाळगायची तर भाषेची बाळगा. माझ्या शाळेत आवारात मराठी बोललं की दहा पैसे दंड होता. कोंकणीलाही होता म्हणा, पण सिस्टर स्वतः चिडल्या की कोंकणीतच चिडायच्या, त्यांना कोण दंड करणार? इंग्रजी पहिली, कन्नड दुसरी, हिंदी तिसरी. मराठीला जागाच नव्हती. १९९१ ला एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाल्यावर मी हुबळीला शिकायला गेलो आणि दादाला पत्र लिहिलं. त्याने ते लाल पेनाने तपासून परत पाठवलं. एका पानात सतरा चुका. ‘आशिर्वाद’ला तर दोनदा गोल केलेला. पुढची दोन वर्षं माझं प्रत्येक पत्र तसंच परत यायचं, आणि आज हे जे मराठी तुम्ही वाचताय ते त्या लाल पेनाचं आहे. सिस्टरांचं त्यात काही नाही. सगळ्या घरांत असा दादा नसतो. तेव्हा शाळेत घालायच्या आधी मराठी विषय घेता येतो का ते विचारा. नसेल तर घरी रोज तरुण भारतचं एक पान मोठ्याने वाचून घ्या. कन्नडला मात्र नाकं मुरडू नका. २०१५ च्या कायद्याने ते पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सगळ्याच शाळांत आलंय, आणि इथे राहायचं तर उपयोगीच पडतं. मला पडलं.

हे सगळं एका शाळेचं, तेही तेव्हाचं. फी आमची महिना पंधरा रुपये होती, दोन महिने थकली तरी कुणी वर्गाबाहेर काढलं नाही. आता तसं असेल असं समजून जाऊ नका.

दादा हे वाचणार आहे, कारण मीच त्याला पाठवणार आहे. घंटा तू दिलीस, कबूल. शाळा सिस्टरांनी सोडली.