चिनी प्राणिवर्षांची चांदीची नाणी जमवायची आहेत. सुरुवात कुठून करू आणि नकली नाणं कसं ओळखू?

आधी मालिका ठरवा, प्राणी (चिनी पंचांगात दर वर्षाला बारांपैकी एक असतो) नंतर. नुसता 'ड्रॅगन हवा' म्हणून घेत गेलात तर बारा प्राणी जमतील, पण संच जुळणार नाही.

चीनची स्वतःची प्राणिवर्षांची नाणी १९८१ च्या कोंबड्यापासून सुरू होतात. गोल, पाकळ्यांच्या कडेची, पंख्याच्या आकाराची, असे बरेच प्रकार आहेत. गोल नाणी २०१६ च्या माकडापासून ३० ग्रॅमची झाली, त्यामुळे एक औंस (३१.१ ग्रॅम) भरलं नाही म्हणून नाणं खोटं ठरवू नका. ऑस्ट्रेलियाच्या पर्थ टांकसाळीची प्राणिवर्ष मालिकाही लोकप्रिय आहे. तिथे दुसऱ्या मालिकेचं (२००८ ते २०१९) एक औंसाचं नाणं ४५.६ मिमी, तर २०२० पासूनच्या तिसऱ्या मालिकेचं ४०.९ मिमी, म्हणजे एकाची डबी दुसऱ्याला चालत नाही. नवख्याने तिसरी मालिका धरावी असं माझं स्पष्ट मत आहे: संच अजून पुरा व्हायचाय, दरवर्षी नवं नाणं निघतं त्या वेळीच घेता येतं.

नकली नाणी बहुतेक चांदीचा मुलामा दिलेली पितळेची असतात. चुंबक त्यांनाही चिकटत नाही, म्हणून त्या एकाच चाचणीवर विसंबू नका. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा सराफी काटा घ्या. आधी नाण्याचं कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. ३१.१ ग्रॅमच्या शुद्ध चांदीला काटा साधारण २.९६ दाखवेल, ३० ग्रॅमला २.८६. तेवढ्याच वजनाचं पितळ साडेतीनच्या पुढे जातं. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तरी आकडा वाढतो आणि खरं नाणं खोटं वाटतं, तेव्हा हलकेच झटकून पुन्हा बघा. पाणी डिस्टिल्डच वापरा, नंतर मऊ कापडाने फक्त टिपून घ्या. आरशासारख्या चकाकीचं प्रूफ नाणं मात्र यासाठी डबीतून कधीच काढू नका. ते ओळखीच्या, परत घेणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावं. सोबतच्या प्रमाणपत्रावर भिस्त ठेवू नका, तीही सर्रास छापली जातात.

दिवाळीत देवाची चांदी घासतो तशी ही नाणी कधीही घासू नका. टूथपावडरच्या एका हाताने बारीक ओरखडे पडतात आणि संग्राहकाच्या लेखी उरतो फक्त धातूचा भाव. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतही ठेवू नका, काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो. तो आलाच तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो.