पणजोबा रत्नागिरीहून मॉरिशसला गेले होते, त्यांचा माग कसा काढायचा?

ते गिरमिटिया म्हणून, म्हणजे करारावर नेलेले मजूर म्हणून गेले असतील तर शोध मॉरिशसकडून सुरू करा, गावाकडून नाही. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये १८३४ पासून आलेल्या मजुरांची रजिस्टरं आहेत. प्रत्येकाला एक नंबर दिलेला असे. तो सापडला की निम्मं काम झालं. रजिस्टरातल्या त्या नंबरच्या ओळीत जहाज, वय, वडिलांचं नाव, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूणसुद्धा मिळू शकते. पुढच्या काळातल्या काहींचे फोटोही आहेत.

मात्र आडनावावर विसंबू नका. कारकुनाने बहुधा नुसतं नाव लिहिलं आणि पुढच्या पिढीत तेच आडनाव झालं. 'लक्ष्मण'चं 'लक्सिमोन' होतं, त्यामुळे रोमन स्पेलिंगं चार-पाच प्रकारे करून बघा. रत्नागिरीसुद्धा तेव्हा 'रटनागेरी'सारखी लिहीत.

गाव कळलं की मग इकडे या. तहसील कार्यालयात जुनी जन्म-मृत्यू नोंद, म्हणजे आपलं कोतवाल बुक, मागा. बरंचसं मोडी लिपीत असतं, तेव्हा वाचणारा सोबत न्या. घरचे कुणी नाशिक-त्र्यंबकला विधीला जात असतील तर उपाध्यायांची वही जरूर उघडायला सांगा. तिथे गाव आणि आडनावावरून पिढ्या निघतात. मागे राहिलेल्या भावाची शाखा बहुतेक तिथेच सापडेल.