वाचक विचारतात : सात भाऊ आणि सामरी

प्रश्न : ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’ या भुताच्या सिनेमांवर दिग्दर्शक म्हणून तुलसी रामसे आणि श्याम रामसे अशी दोन नावं येतात. नेमकं दिग्दर्शन कोण करायचं? आणि सगळं काम घरातलेच करायचे हे खरं का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : दिग्दर्शन दोघांचंच. पण अंगावर काटा आणणारा प्रसंग उभा करण्यात श्याम यांचा हातखंडा मानला जायचा. आणि हो, सगळं घरच राबायचं. सात भाऊ : कुमार लिहायचे, गंगू कॅमेऱ्यावर, किरण ध्वनी बघायचे, अर्जुन संकलन. केशू पुढे वेगळे झाले आणि ‘खाकी’चे निर्माते म्हणून नावारूपाला आले.

वडील फतेहचंद यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर मुंबईत आले, लॅमिंग्टन रोडला दुकान थाटलं, मग सिनेमात पैसा घातला. १९७० चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. त्यात एक प्रसंग होता : पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करायला जातात, पोलिसांच्या गोळ्या त्यांना लागत नाहीत. तुलसी आणि श्याम थिएटरात जाऊन बसले, तर लोक तेवढा प्रसंग बघायला येत होते आणि तो संपला की उठून जात होते. अख्खा सिनेमाच असा का करू नये, असं पोरांनी वडिलांना पटवलं. पडलेल्या सिनेमातून एवढं नेमकं उचलणारे निर्माते मला दुसरे माहीत नाहीत.

१९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ हा त्यातून आला. कलाकार, कॅमेरा, घरची माणसं असं सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला गेलं आणि सरकारी विश्रामगृहात राहून चित्रीकरण उरकलं. सेट नाही, मोठा नट नाही. श्याम तेव्हा जेमतेम विशीचे.

मी खानदेशात एका वितरकाकडे होतो, रिळांच्या पेट्या घेऊन गावोगाव फिरायचो. १९८४ चा ‘पुराना मंदिर’ सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूत लागला होता तेव्हाची गोष्ट. त्यातल्या सामरी या सैतानाचं मुंडकं ज्या पेटीत बंद असतं, ती पडद्यावर आली की पडद्याजवळ बसलेली पोरं बसल्या बसल्या मागे सरकायला लागायची. बायका पदर तोंडात धरून बघायच्या, पण उठून कुणी जायचं नाही. मोठ्या बॅनरची प्रिंट रिकाम्या तंबूत चालवलेली मी पाहिली आहे. रामसेंची प्रिंट मात्र रेघोट्या पडेपर्यंत फिरायची. हिरवा-निळा उजेड, धूर, करकरणारं दार आणि ते दार उघडायच्या आधी ताणलेली शांतता, एवढ्या भांडवलावर हे होत होतं. त्यांना ‘बी ग्रेड’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांचा मला आजही राग येतो. माणूस कधी घाबरतो, हे श्याम रामसेंना पक्कं कळलं होतं.

आणखी एका वाचकाने सामरी झालेला नट कोण होता असं विचारलंय. अनिरुद्ध अगरवाल. शिक्षणाने स्थापत्य अभियंता, अंगाने धिप्पाड. चेहराच असा की रंगभूषेला फार काही करावं लागू नये. त्याच सिनेमात आपले सदाशिव अमरापूरकर आणि ललिता पवारही आहेत, ते नीट बघा.

१९९३ मध्ये ‘झी हॉरर शो’ आला आणि हीच मंडळी घराघरात पोचली. तुलसी २०१८ च्या डिसेंबरात गेले, श्याम १८ सप्टेंबर २०१९ ला. त्याआधी २०१४ मध्ये श्याम यांनी ‘नेबर्स’ केला होता, म्हणजे साठी उलटल्यावरही हात थांबला नव्हता.

यातलं काहीच पाहिलं नसेल तर सुरुवात ‘वीराना’पासून नको, ‘दो गज जमीन के नीचे’पासून करा. रात्री, आवाज मोठा ठेवून.