‘मॅडम, माझाच विश्वास कमी पडतोय का?’

“पास्टर चुकतायत, की माझाच विश्वास कमी पडतोय?” ख्रिस्ती घरांतून समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या माणसांच्या तोंडून हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. विचारणारे भोळेभाबडे नसतात. शिक्षिका असतात, बँकेत अधिकारी असतात, दुकान चालवणारे असतात. व्यवहारात त्यांना सहजी कुणी फसवू शकणार नाही. पण फेलोशिपमधल्या, म्हणजे एकत्र प्रार्थनेला जमणाऱ्या गटातल्या, एका माणसासमोर त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचाच भरवसा उडालेला असतो. तो परत कसा येतो, ते एका बाईंच्या अनुभवातून सांगते. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती आयसीयूतली नर्स. मॉनिटरचा आवाज जरा बदलला तरी पाठमोरी असताना ओळखणारी. बालपण नगरच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेलेलं. लग्नानंतर पिंपरी-चिंचवडला आली आणि एका स्वतंत्र फेलोशिपमध्ये जाऊ लागली. आई आजारी पडली तेव्हा तिथल्या बहिणींनी डबे पोचवले, रात्र रात्र प्रार्थनेला बसल्या. “सख्ख्यांनी केलं नाही एवढं, मॅडम.” हे मुद्दाम आधी सांगते, कारण बाहेरची माणसं पहिल्यांदा हेच विचारतात की शिकलीसवरलेली बाई अशी अडकली कशी. ती मायेनं अडकली. आणि त्या बहिणींची माया बहुतेक खरीच होती.

पुढचं सगळं हळूहळू घडत गेलं. प्रार्थनेसाठी म्हणून तिनं ब्रदरांजवळ, म्हणजे तिथल्या पास्टरांजवळ, नवऱ्याशी झालेलं भांडण सांगितलं. पुढच्या रविवारी संदेशात, म्हणजे प्रवचनात, ‘आपल्यातली एक बहीण’ म्हणून तेच भांडण सगळ्यांपुढे आलं. दशांश, म्हणजे मंडळीला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, हातात पडणाऱ्या पगारावर द्यायचा की कापून जाण्याआधीच्या पूर्ण पगारावर, हे तिची पगाराची स्लिप बघून ठरलं. चुलतबहिणीच्या लग्नाला जायचं नाही, ते नातेवाईक ‘जगिक’, म्हणजे देवापेक्षा जगात रमलेले, आहेत. आणि या सगळ्यावर एक वाक्य, “प्रभूनं मला तुझ्याबद्दल दाखवलंय.” माणसाशी वाद घालता येतो. देवाचं नाव पुढे करून बोलणाऱ्याशी कसा घालणार?

एकदा तिनं बांधकाम निधीच्या पावत्या मिळतील का, एवढंच विचारलं. त्याच आठवड्यात ईजबेलच्या, म्हणजे बायबलमधल्या दुष्ट राणीच्या, आत्म्यावर संदेश झाला. तिला गायनाच्या टीममधून काढलं, मग व्हॉट्सॲप ग्रुपमधून. डबे आणणाऱ्या बहिणी भाजी मंडईत समोर आल्या की नजर वळवायच्या. तिनं जाणं थांबवलं, आणि महिन्याभरात मुलाला डेंगी झाला.

माझ्यासमोर बसल्यावर पहिलं वाक्य तिनं हेच उच्चारलं. “मी कव्हरिंगच्या बाहेर गेले, मॅडम. म्हणून माझ्या लेकरावर आलं.” कव्हरिंग म्हणजे ब्रदरांचं आत्मिक छत्र.

“तेव्हा तुमच्या हॉस्पिटलमध्ये डेंगीचे आणखी पेशंट होते?”

“वॉर्ड भरलेला होता. बाहेर पॅसेजमध्येही बेड टाकले होते.”

“ते सगळे फेलोशिप सोडून आले होते?”

ती हसली नाही, पण बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. शेवटी म्हणाली, “डोक्याला कळतं हो. छातीत धडधडतं त्याचं काय करू?”

मी विवेकनिष्ठ विचारपरंपरेत तयार झाले. त्या परंपरेचा जनक, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस, स्वतः नास्तिक होता. सुरुवातीला तो कट्टर धार्मिकतेकडेच मनाच्या आजाराचं मूळ म्हणून बोट दाखवायचा, आणि पुढे त्यानंच हे मत पुष्कळ सौम्य केलं. माझं मत पहिल्यापासून ठाम आहे की उपचार भीतीवर करायचा, श्रद्धेवर नाही. ‘सोडा हो ते चर्च-बिर्च’ असं मी कुणालाही सांगत नाही. ते सांगणं सोपं असतं, आणि त्यानं माणसाच्या हातातली शेवटची काठीही जाते. तिला देव हवा होता. तो तिच्याकडेच राहील अशा रीतीनं भीती सोडवायची होती, आणि हे काम मला चांगलं जमतं असं मी आज नम्रपणे म्हणू शकते.

त्यानंतर काही भेटी आम्ही त्याच त्याच जागी फिरत होतो. मग एकदा मी तिला म्हटलं, “रात्री झोप लागत नाही तेव्हा देव तुम्हाला नेमकं काय म्हणतो? जसंच्या तसं सांगा.”

तिनं डोळे मिटले. “म्हणतो, बेटा, तुझ्यावर मी इतकी मेहनत घेतली, आणि तू मला निराश केलंस.”

“देव तुम्हाला ‘बेटा’ म्हणतो?”

“हो.”

“लहानपणी, नगरला प्रार्थना करायचात तेव्हाही म्हणायचा?”

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, तो लांब जाईपर्यंत ती बोलली नाही. मग डोळे उघडून थेट माझ्याकडे बघत म्हणाली, “बेटा तर ब्रदर म्हणतात.” आणि थोड्या वेळानं, “आवाज पण त्यांचाच आहे, मॅडम. खोकल्यासकट.”

आयसीयूत आवाज ओळखणाऱ्या बाईनं तो आवाज ओळखायला इतकी वर्षं घेतली, कारण ती देवाच्या पुढे उभी असताना ऐकत होती आणि तिथे कान टवकारणं म्हणजे अविश्वास, असं तिला शिकवलेलं होतं. माझ्या अनुभवात या सगळ्या प्रकाराचं मर्म इथे आहे. पैसे, वेळ, नाती हे सगळं नंतर जातं. आधी त्या माणसाची मर्जी आणि देवाची मर्जी एकच होऊन बसते. एकदा तसं झालं की त्याला पहारा ठेवावा लागत नाही. तुमचं मनच त्याच्या वतीनं पहारा करतं.

त्या दिवशी घरी जाऊन तिनं माझ्या सांगण्याशिवाय एक गोष्ट केली. ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन तिला कायम ऐकवलं जायचं. तिनं स्तोत्र १०५ पहिल्या ओळीपासून वाचलं. पुढच्या भेटीत ती ताठ बसून सांगत होती, “ते अब्राहाम, इसहाक, याकोबाबद्दल आहे. मूठभर माणसं, परक्या मुलखात फिरणारी, स्वतःची जमीन नसलेली. त्यांच्यावर जुलूम करू नका म्हणून देव राजांना दटावतोय. मॅडम, ते वचन ब्रदरांना माझ्यापासून वाचवायला नाहीये.” मी मंडळीतच वाढले, पण हा अर्थ मलाही कुणी इतका सरळ सांगितला नव्हता.

आता माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना जे सांगते, ते इथे लिहिते.

आमचा पास्टर ‘नार्सिसिस्ट’ आहे का, हे मला विचारू नका. मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेले लोक हाच शब्द घेऊन येतात. ते एका व्यक्तिमत्त्वविकाराचं नाव आहे, आणि ज्याला मी तपासलेलं नाही त्याला ते लावणार नाही. शिवाय त्या निदानावर तुमचं काही अडलेलंही नाही. तुम्हाला बघायचंय ते एवढंच की, तुमच्या लहानशा ‘नाही’चं तिथे काय होतं. ‘या शनिवारी उपवास-प्रार्थनेला जमणार नाही’ असं म्हणा, कारण सांगू नका. निरोगी मंडळीत फार तर चेहरा पडेल. जिथे पाणी मुरतंय तिथे तुमचा ‘नाही’ दोन दिवसांत पाप होतो, बंडखोरी होते, आणि तुम्हाला न विचारता इतर चारजणांपर्यंत पोचतो. नव्या करारात ही नवी गोष्ट नाही. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा माणूस आहे. त्याला पहिला मान हवा असतो, आणि ऐकत नाहीत त्यांना तो मंडळीबाहेर काढतो.

माणूस जगप्रसिद्ध आहे, हजारोंचं भलं केलंय, म्हणून सूट देऊ नका. चेन्नईत जन्मलेले रवी झकरायस जगभर गाजलेले ख्रिस्ती वक्ते होते. ते २०२० मध्ये गेले. त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या वकिलांचा चौकशी अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. त्यात एका स्त्रीची साक्ष आहे की, लैंगिक शोषण करताना ते तिला सोबत प्रार्थना करून देवाचे आभार मानायला लावत. आणि तू बोललीस तर माझं नाव खराब होईल, लाखो आत्मे तारणाला मुकतील, त्याला जबाबदार तू, असं बजावत. ते वाक्य आणि पिंपरीतल्या फेलोशिपच्या हॉलमधलं ब्रदरांचं ‘तुझ्यामुळे काम बंद पडेल’ हे वाक्य मला एकाच तोंडातून आल्यासारखं वाटतं.

आपल्याकडे गप्प राहण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मी हलकं मानत नाही. “आधीच आपल्या लोकांवर बोट ठेवणारे कमी आहेत का, त्यात आपणच तोंड उघडायचं?” अल्पसंख्य समाजात ही भीती खरी असते. पण तिच्या आडोशाला कोण उभं आहे ते बघा. समाजाच्या अब्रूची किंमत दर वेळी पीडितेनंच का मोजायची? हिशेब विचारणं हा समाजद्रोह नाही. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जावेच लागतात. नोंदणीच नसेल, तर पैसे कुणाच्या नावावर जमा होतात ते शांतपणे विचारा. आणि अंगाला हात लागला असेल तर तो मंडळीच्या वडीलजनांनी मिटवायचा विषय नाही, पोलिसांचा आहे. मूल असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं माहिती असणाऱ्यावर कळवण्याची सक्तीच आहे.

घरच्यांसाठी थोडं. या बाईंचा नवरा सुरुवातीला रोज म्हणायचा, “मी तेव्हाच सांगत होतो.” मी त्याला बोलावून ते वाक्य बंद करायला लावलं. तेही तिच्या कानाला ब्रदरांसारखंच लागत होतं, की तुला कळत नाही, मला कळतं. लगेच दुसऱ्या चर्चमध्येही ओढू नका. कित्येक महिने बायबल उघडवत नाही, गाणं ऐकलं की हातपाय गार पडतात, असं होतं. त्याला थंडावलेला विश्वास म्हणू नका. झोप, जेवण बिघडलं असेल, जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मराठीतही बोलतो. जुने मेसेज, दिलेल्या पैशांच्या नोंदी पुसू नका. मन थकलेलं असतं तेव्हा सगळं डिलीट करावंसं वाटतं, आणि पुढे तक्रारीची वेळ आली की तेच लागतं.

ती आता एका जुन्या चर्चमध्ये जाते. तिथल्या रेव्हरंडनी संडे स्कूल घ्याल का, असं विचारलं. ती म्हणाली, या वर्षी नाही. ते म्हणाले, बरं, मग पुढच्या वर्षी विचारतो. हे सांगायला तिनं मला ड्यूटीवरून फोन केला होता.