वाचकांचे प्रश्न : पेट्रोलचा वास येतो, पण गळती सापडत नाही

प्रश्न : माझी 1997 ची कार्बोरेटरवाली मारुती 800 आहे. सकाळी शटर उघडलं की पेट्रोलचा भपकारा येतो, पण खाली फरशीवर एक थेंबही नसतो. ॲव्हरेज 16 वरून 12 वर आलं आहे. फिटरने कार्बोरेटरचं किट बदललं, सगळ्या क्लिपा आवळल्या, तरी फरक नाही. आता तो टाकी बदलायला सांगतो. बदलू का? (सातारा)

उत्तर : एवढ्यात नको. गळती कुठे दिसते यापेक्षा ती कधी होते, हे आधी बघायचं. फक्त टाकी फुल केल्यावर वास येत असेल तर दोष टाकीच्या वरच्या भागात असतो : पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी जोड, ब्रीदरचा (टाकीत हवा ये-जा करायचा) पाइप किंवा पेट्रोलच्या काट्याच्या फ्लोट युनिटखालचं पॅकिंग. टाकी अर्धी असतानाही रात्रभर वास येत असेल तर टाकीचा तळ किंवा खालून जाणारे पाइप तपासा. चालवताना आणि नंतर गरम इंजिनावर वास येत असेल तर पंप, पंपापुढचे पाइप आणि कार्बोरेटर. तुमचं ॲव्हरेज पडलंय, म्हणजे पेट्रोल मुख्यतः गाडी चालू असताना जातंय. टाकीच्या तळाला भोक असतं तर सकाळी फरशीवर डाग दिसला असता.

पहिली तपासणी फुकटची आहे. रात्रभर सपाट जागी उभ्या असलेल्या गाडीची डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलंय, पातळ झालंय आणि त्याला पेट्रोलचा वास मारतोय? मग पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटला, असं जवळजवळ नक्की समजा. या गाडीचा यांत्रिक पंप सिलिंडर हेडवर बसतो आणि कॅमशाफ्ट त्याला एका छोट्या दांडीने हलवतो. डायफ्रामला चीर पडली की पेट्रोल बाहेर न येता आतल्या आत हेडमधून थेट खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं, म्हणून खाली थेंब नाही. वास ऑइल भरायच्या झाकणाशी आणि इंजिनाच्या ब्रीदरशी येतो. अशी गाडी ‘जरा लांबवू’ म्हणून चालवू नका. पातळ ऑइलने बेअरिंग जातात आणि तो खर्च पंपाच्या कितीतरी पट असतो.

पंप बदलणं अवघड नाही. इंजिन थंड असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. पाइप काढण्याआधी प्रत्येकावर चिकटपट्टी लावून खूण करा : टाकीकडून येणारा, कार्बोरेटरला जाणारा, परतीचा. अदलाबदल झाली की नवा पंप लावूनही पेट्रोल चढत नाही आणि दोष पंपावर येतो. दोन्ही नट सोडून पंप ओढताना आतली दांडी निसटणार नाही याकडे लक्ष ठेवा. जुनं पॅकिंग खरवडून काढा, नवं लावा. पंप टेकवताना एका बाजूने उचललेला राहत असेल तर नट ताणून बसवू नका, नाहीतर पंपाची कड वाकते. कॅमचा उंचवटा त्या वेळी दांडीवर आलेला असतो. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून थोडी पुढे ढकला, पंप आपोआप टेकेल. मग दोन्ही नट आळीपाळीने आवळा. त्याच बैठकीत ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदला. पेट्रोल मिसळलेलं ऑइल ठेवून फक्त पंप बदलणं म्हणजे अर्धंच काम.

ऑइल व्यवस्थित निघालं तर गळती बाहेर शोधायची. गरम इंजिनावर पडलेलं पेट्रोल क्षणात उडतं, मागे फक्त पिवळट-तपकिरी डाग राहतो. बोनेट उघडून पंप, फिल्टर आणि कार्बोरेटरचे सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरा, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा. जिथून झिरपतंय तिथे पांढऱ्या पुडीवर ओला ठिपका उमटतो. हे काम उघड्यावर करायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद गॅरेजात ती फरशीलगत साचून राहते. इंजिनावर वाकण्याआधीच एलईडी टॉर्च लावून घ्या. जवळ 2 किलोचं ड्राय पावडरचं अग्निशामक ठेवा, पाण्याच्या बादलीचा उपयोग नाही.

कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरला एक गोल काच असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पेट्रोलची पातळी काचेच्या मध्यावरच्या खुणेजवळ हवी. त्यावर चढत असेल तर निडल (पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाही किंवा फ्लोटची पट्टी वाकलेली आहे. किट नवीन असलं तरी निडलच्या सीटवर कचऱ्याचा एक कण अडकला की हेच होतं. पाइप बदलले पण मधला फिल्टर जुनाच ठेवला की तो कण तिथे पोचतो. फिल्टरवर बाण असतो, त्याचं टोक इंजिनाकडे.

आणि पाइप. बोटांनी दुमडून पाहा. कडक लागला किंवा वरच्या थरावर बारीक भेगा दिसल्या तर क्लिप कितीही आवळा, तो जोड धरणार नाही. उलट स्क्रूची क्लिप जास्त आवळली की पट्टी रबरात रुतून पाइप कापते. नवीन पाइपवर ‘एसएई जे30 आर7’ किंवा ‘आर9’ छापलेलं बघून घ्या. जुन्या पाइपचा आतला व्यास मोजून तेवढाच घ्या. मीटरवर मिळणारी पारदर्शक प्लास्टिकची नळी नको, उष्णतेने काही महिन्यांत काचेसारखी कडक होते. पाइप ब्लेडने सरळ कापा, निपलवर (पाइप चढतो त्या तोंडावर) 25 मिमी तरी चढवा आणि क्लिप निपलच्या उंचवट्याच्या मागे येऊ द्या, त्याच्यावर नको.

प्रश्न : टाकीला खालून टाचणीएवढं भोक पडलंय. मेकॅनिकने साबण लावून दिला. किती दिवस चालेल? (रत्नागिरी)

उत्तर : घरी किंवा गॅरेजपर्यंत पोचण्यापुरता. कपडे धुण्याचा साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो भोक बुजवतो, पण पावसाच्या पाण्याने धुऊन जातो. एम-सीलही ओल्या पत्र्यावर धरत नाही. कोकणात पत्रा सहसा टाकीच्या पट्ट्यांखाली सडतो, तिथे चिखल अडकून ओल राहते. एक भोक दिसलं की आजूबाजूचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहा. दबला तर टाकीच बदला. पत्रा चांगला असेल तर रेडिएटरवाल्याकडून डाग (सोल्डर) मारून घेता येतो. मात्र ‘टाकी रिकामी आहे’ म्हणून कुणी ज्योत लावू लागला तर थांबवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. टाकी गरम पाणी आणि डिटर्जंटने तीन-चार वेळा खळबळून धुवायची, मग भोकाच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरायची, तोंड उघडं ठेवायचं, आणि नंतरच डाग.

प्रश्न : बजाज चेतक रात्री उभी केली की सकाळी इंजिनाखाली पेट्रोल साचलेलं असतं. किकही जड लागते. (सोलापूर)

उत्तर : दोन दोष एकत्र आहेत. पेट्रोलचा कॉक बंद करूनही पेट्रोल खाली उतरतंय, आणि कार्बोरेटरची निडल ते अडवत नाही. काही पेट्रोल क्रँककेसमध्ये जातं, म्हणून किक जड. प्लग काढा, प्लगची वायर लांब बाजूला करा, कॉक बंद ठेवून दहा-बारा किका मारा, साचलेलं बाहेर पडेल. मग सीट काढून टाकी उचला. कॉकच्या दांड्याशी दोन स्क्रूंची छोटी पट्टी असते, तिच्यामागे चार भोकांचा रबरी वायसर. तो चपटा किंवा फुगलेला निघेल. तेवढा वायसर आणि निडल बदला. अख्खा कॉक टाकीतून काढायला टाकीच्या तोंडातून आत जाणारा लांब पाना लागतो, वायसरसाठी त्याची गरज नाही.

प्रश्न : ई20 पेट्रोलमुळे जुने पाइप गळतात, हे खरं का? (पुणे)

उत्तर : काही अंशी. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे पाइप आणि पॅकिंग 20 टक्के इथेनॉल धरून बनवलेले असतात. नव्वदच्या दशकातलं रबर त्यासाठी नव्हतं, ते फुगतं, मऊ पडतं, मग वाळल्यावर तडकतं. पाइप आर9 दर्जाचे आणि निडलचं टोक व्हायटॉनचं (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं) घेतलंत तर हा प्रश्न बराच सुटतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी पत्रा आतून सडवतं.

प्रश्न : टाकी काठोकाठ भरल्यावर उन्हात गाडीतून पेट्रोल सांडतं. हा दोष आहे का? (नागपूर)

उत्तर : बहुधा नाही. 28 लिटर पेट्रोल 15 अंशांनी तापलं की साधारण 400 मिली वाढतं. पेट्रोल पंपावरची नळी आपोआप बंद झाली की तिथेच थांबायला सांगा, आकडा गोल करायला वरून ओतू देऊ नका. तरीही सांडत असेल तर झाकणाचं रबर आणि ब्रीदरचा पाइप तपासा, पाइपमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं कधीकधी.