घरच्या बारमध्ये केगमधून (बिअरच्या पिंपातून) नुसता फेसच येतो, दाब कमी करू का?

नको. दाब उतरवला की बिअरमधला कार्बन डायऑक्साइड केगपासून तोटीपर्यंतच्या नळीतच सुटायला लागतो, फेस वाढतो आणि काही दिवसांत बिअर मिळमिळीत होते. फ्रिज ३-४ अंश सेल्सिअसवर आणि रेग्युलेटर (गॅसचा दाब ठरवणारी चावी) १२ पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) असू द्या. बदलायची ती नळी. आतला व्यास ३/१६ इंच, लांबी ८ ते १० फूट. किटमधली ५ फुटी नळी बहुतेक वेळा आखूडच पडते. पहिलाच ग्लास फेसाळतो, पुढचे नीट? मग टॉवर, म्हणजे फ्रिजवरचा तोटीचा खांब, गरम आहे. छोटा पंखा लावून फ्रिजमधली थंड हवा वर सोडा. आणि तोटी झटक्यात पूर्ण उघडा. हळूहळू उघडलीत तर फेस ठरलेलाच. गॅस लवकर संपत असेल तर जोडांना साबणाचं पाणी लावून बघा.