वाचकांचे प्रश्न : स्केटपार्क रिकाम्या स्विमिंग पूलसारखा का?

प्रश्न : ऑलिम्पिकमधलं स्केटबोर्डिंग मुलासोबत बघितलं. तो ‘पार्क’ म्हणजे पाणी काढलेला स्विमिंग पूलच वाटतो, असं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण सुरुवातच तिथून झाली! १९७६-७७ ला कॅलिफोर्नियात जबरदस्त दुष्काळ पडला, बंगल्यांमागचे पूल कोरडे पडले, आणि तिकडच्या पूलांचा तळ भिंतीला गोलाईने जुळलेला असतो त्यामुळे पोरं गुपचूप कुंपणावरून उड्या मारून आत शिरायची आणि पोलीस येईपर्यंत भिंतीवर बोर्ड चढवायची. पण खरं क्रेडिट चाकांना. आधीची मातीची चाकं सटकायची, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने युरेथेनची (एक प्रकारचं लवचिक प्लास्टिक) आणली, ती काँक्रीट पकडून ठेवतात, म्हणून हे सगळं जमलं.

त्याच सुमारास, १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडसारखे पैसे देऊन खेळायचे पार्क निघाले. पण पोरं हातपाय मोडून घ्यायची, इन्शुरन्स परवडेना, त्यामुळे १९८० च्या आसपास बरेच बंद पडले, काही तर बुलडोझरने सपाट केले (जीव तुटतो हो ऐकून).

माझा सगळ्यात आवडता किस्सा अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहराचा. १९९० मध्ये बर्नसाइड पुलाखाली स्केटर्सनी परवानगीबिरवानगी न घेता स्वतःच सिमेंट कालवून पार्क बांधायला घेतला, आणि शहराने तो पाडायच्या ऐवजी नंतर चक्क मान्य केला. आजही चालू आहे.

मुलाला बोर्ड घेणार असाल तर आधी हेल्मेट घ्या.